शाखेच्या संगणकावर सर्व्हर कशाला?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय बेळगावात असून खानापूर, निपाणी आणि चिकोडी येथे शाखा आहेत. मुख्य कार्यालयातील संगणकावर मारियाडीबी (माहितीचा साठा सांभाळणारा डेटाबेस) चालते आणि शाखांतील संगणक फक्त तिच्याकडून माहिती घेतात व तिच्याकडे नोंदी पाठवतात. सर्व ठिकाणी जेंटू लिनक्स आहे, ज्यात सॉफ्टवेअर बहुधा मूळ कोडवरून आपल्याच संगणकावर बांधून म्हणजे कंपाइल करून घेतात. शाखेतल्या जुन्या संगणकावर मारियाडीबीचा क्लायंट (माहिती मागणारा भाग) बसवू लागलो की सर्व्हरही (माहिती सांभाळून पुरवणारा भाग) कंपाइल होऊ लागतो, त्यात तासन्‌तास जातात, आणि पावसाळ्यात खानापुरात मध्येच वीज गेली की ते पॅकेज पहिल्यापासून सुरू करावे लागते. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये क्लायंट आणि सर्व्हर यांची पॅकेजे वेगळी मिळतात. मग जेंटूवाले एवढी साधी विभागणी का करत नाहीत? हा आळस समजावा काय?

उत्तर : आळस म्हणता येणार नाही, कारण एकाच पॅकेजात क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही सांभाळून, शिवाय त्यातला एक भाग वगळण्याची सोय ठेवणे हे याद्या करून फाइली वाटून टाकण्यापेक्षा जास्त कष्टाचे काम आहे. विभागणी डेबियनला सोपी का जाते ते आधी पाहू. डेबियनच्या यंत्रावर मारियाडीबीचा मूळ कोड एकदाच कंपाइल होतो. त्यातून निघालेल्या फाइलींपैकी कोणती कोठे जाईल याच्या याद्या पॅकेज सांभाळणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेल्या असतात, आणि त्या याद्यांप्रमाणे क्लायंट, सर्व्हर व दोघांना लागणारी लायब्ररी अशी निरनिराळी पॅकेजे भरली जातात. आपल्याकडे येतो तो तयार माल, त्यामुळे त्याचे दोन भाग केले काय आणि सात केले काय, आपल्या संगणकाला त्याची झळ लागत नाही.

आपल्या चिकोडी-रायबाग भागातले गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणावे. रस एकदाच काहिलीत चढतो. आटत असताना योग्य वेळी थोडा बाजूला काढला तर ती काकवी, आणि उरलेला पुढे आटवून साच्यात ओतला की गूळ. गुऱ्हाळवाला काकवीचे डबे आणि गुळाच्या ढेपा वेगळ्या विकतो तेव्हा त्याला दोनदा चूल पेटवावी लागत नाही. जेंटूसारखे वितरण मात्र आपल्या दारात ऊस, चरक आणि काहील आणून ठेवते व कृती लिहिलेला कागद हातात देते. त्या कागदाला तेथे ई-बिल्ड म्हणतात. आता काकवीची एक आणि गुळाची दुसरी अशा दोन स्वतंत्र कृती दिल्या, तर ज्या घरी दोन्ही हवे आहे त्या घराने तोच ऊस दोनदा गाळायचा, दोनदा आटवायचा. मुख्य कार्यालयातल्या आपल्या संगणकाला सर्व्हरही हवा आहे आणि क्लायंटही. विभागणी झाली असती तर त्याच्यावर नेमकी हीच वेळ आली असती.

दुप्पट कष्ट एवढीच अडचण असती तरी एकवेळ चालले असते. दोघांत सामायिक असलेली लायब्ररी आणि हेडर फाइली कोणाच्या पॅकेजात घालायच्या हा खरा त्रासाचा भाग आहे. दोन्हींत घातल्या तर एकच फाइल दोन पॅकेजे बसवू पाहतात आणि पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेजे बसवणारा प्रोग्राम, ते अडवतो. तिसरे पॅकेज काढले तर तोच कोड तिसऱ्यांदा उलगडावा लागतो. शिवाय तिन्हींच्या आवृत्त्या नेहमी सारख्या ठेवाव्या लागतात, आणि सुरक्षेसाठी एखादी दुरुस्ती आली तर ती तीन कागदांवर चढवावी लागते. त्यातला एक कागद विसरला गेला की काय होते, हे पतसंस्थेच्या माणसाला सांगायला नको. कर्ज खतावणी आणि रोजकीर्द जुळत नाही तेव्हा जे होते तेच.

आणखी एक गोष्ट पॅकेज करणाऱ्याच्या हातात नसते. मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी अर्धाच भाग बांधण्याची सोय ठेवली आहे का, यावर पुष्कळ अवलंबून असते. मायएसक्यूएल आणि तिच्यापासून निघालेली मारियाडीबी यांच्या घराण्यात ती आहे. सर्व्हर वगळून बांधणी करा, असा पर्याय त्यांच्या सीमेक या बांधणीच्या साधनात दिलेला आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र तसा एकच खटका नाही. केवळ क्लायंट हवा असेल तर प्रोग्राम, हेडर आणि इंटरफेस यांच्या उपफोल्डरांत शिरून तेवढ्यापुरतीच बसवण्याची आज्ञा द्यावी, असे त्यांची अधिकृत पुस्तिका सांगते, आणि प्रोग्रामांच्या त्या फोल्डरात फक्त सर्व्हरच्या उपयोगाचे काही प्रोग्रामही येतील पण ते लहान आहेत, असे प्रामाणिकपणे कबूलही करते. म्हणजे सीमारेषा मूळ लेखकांनीच पुसट ठेवलेली आहे. पॅकेज करणाऱ्याने ती ठळक करायची म्हटले तर दर आवृत्तीला नव्याने आखावी लागेल.

जेंटूने हा प्रयोग करून पाहिलेला नाही असे नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचा पाया आणि सर्व्हर अशी दोन स्वतंत्र पॅकेजे तेथे काही काळ होती. पुढे ती पुन्हा एकत्र केली गेली आणि आज एकाच पॅकेजात ‘सर्व्हर’ नावाचा यूज फ्लॅग आहे. यूज फ्लॅग म्हणजे कृतीच्या कागदावरचा ‘हवे-नको’चा रकाना. मायएसक्यूएलमध्ये पूर्वी हेच काम ‘मिनिमल’ नावाच्या फ्लॅगकडे होते, आणि ते नाव माझ्या मते फार वाईट होते. तो फ्लॅग चालू केला की सर्व्हर जात असे, म्हणजे ‘हो’ म्हटल्याने काहीतरी नाहीसे होई; शिवाय दुसऱ्या पॅकेजांत त्याच ‘मिनिमल’चा अर्थ वेगळाच असे. एखाद्याने संपूर्ण संगणकासाठी तो एकदाच चालू केला की कोठे काय गळून पडेल याचा भरवसा राहत नसे. ‘सर्व्हर’ या नावात तसा घोळ नाही.

फ्लॅगचा हा मार्ग खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला तो २००८ मध्ये ई-बिल्डची दुसरी नियमावली आल्यावर. तोपर्यंत एखाद्या पॅकेजाला ‘मला मायएसक्यूएल हवी, आणि तीही सर्व्हरसहित’ असे अवलंबित्व थेट लिहिता येत नव्हते. पॅकेज बसवण्याच्या सुरुवातीला तपासणी करायची आणि अट पुरी नसेल तर काम तेथेच थांबवायचे, एवढेच हाती होते; रात्री पन्नास पॅकेजांची रांग लावून झोपलेल्या माणसाला सकाळी ती सतराव्यावरच अडकलेली दिसे. आता ही अट आधीच कळते आणि काम सुरू होण्यापूर्वीच तंटा समोर येतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, सोय आहे, पण ती मूळ स्थितीत उलटी लावलेली आहे. मारियाडीबीत ‘सर्व्हर’ हा फ्लॅग आपोआप चालू असतो. शाखेतल्या संगणकावर पोर्टेजच्या ‘पॅकेज डॉट यूज’ या ठिकाणी मारियाडीबीच्या नावापुढे उणे चिन्ह देऊन ‘सर्व्हर’ लिहावे आणि प्रत्यक्ष बसवण्याआधी काय होणार आहे ते पोर्टेजकडून एकदा दाखवून घ्यावे. यादीत ‘सर्व्हर’पुढे उणे दिसले की पुढे जावे.

पण मला विचाराल तर शाखांतल्या संगणकांवर कंपाइल करणेच सोडून द्यावे. एकाच वेळी चालणाऱ्या दर कंपाइलच्या कामामागे सुमारे २ जीबी मेमरी धरावी असा जेंटूचा सर्वसाधारण सल्ला आहे. शाखेतला जुना संगणक तेवढ्याने दमतो, आणि विजेचा प्रश्न उरतोच. मुख्य कार्यालयात यूपीएस आहे, चांगला संगणक आहे. सगळे तेथे एकदाच बांधावे आणि तयार पॅकेजे शाखांना पाठवावीत. पोर्टेजला ‘बिल्डपीकेजी’ ही सोय सांगितली की प्रत्येक बांधणीची तयार प्रत तो बाजूला ठेवतो. क्लायंटपुरती प्रत हवी असेल तर मुख्य संगणकावरचा चालू सर्व्हर न हलवताही ती करता येते : त्या एका आज्ञेपुरता ‘सर्व्हर’ फ्लॅग बंद करून ‘फक्त पॅकेज बांधा, बसवू नका’ असे सांगायचे. एकाच आवृत्तीच्या, वेगवेगळ्या फ्लॅगांच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवण्याची सोयही पोर्टेजमध्ये आहे; पूर्वी दुसरी प्रत पहिलीवर लिहिली जाई. शाखेची लाइन चालू असेल तर या प्रती जाळ्यावरून घ्याव्यात, आणि पावसात लाइन बंद पडली असेल तर पेन ड्राइव्ह खिशात घालून खानापूरची बस धरावी. फाइल तीच, वाट वेगळी.

येथे दोन ठिकाणी हात पोळतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. पहिले माझ्याच अनुभवातले आहे. निपाणीतील एका संस्थेसाठी मी माझ्या नव्या संगणकावर पॅकेजे बांधून नेली. क्लायंट सुरू करताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोन शब्द दाखवून तो बंद पडला. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. फाइल खराब झाली असेल म्हणून मी ती परत आणून दोन्ही प्रतींचा चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून पाहिला, तर तो तंतोतंत जुळला. चूक माझ्याच मांडणीत होती : कंपायलरला ‘या संगणकाच्या प्रोसेसरला साजेसे बांध’ असे सांगून ठेवले होते आणि त्याने इमानाने माझ्या नव्या प्रोसेसरच्या आज्ञा वापरल्या, ज्या तेथल्या जुन्या प्रोसेसरला ठाऊकच नव्हत्या. शाखांसाठी बांधताना सर्वांत जुना संगणक कोणता ते पाहून तेवढ्याच पायरीचा प्रोसेसर कंपायलरला सांगावा.

दुसरी अडचण अधिक लपून बसते. शाखेत ‘फक्त तयार पॅकेजेच वापरा, कंपाइल करू नका’ असा पर्याय दिला की पोर्टेज फ्लॅगांची जुळणी तपासण्याचा आग्रह आपणहून सोडतो. एरवी तो तयार पॅकेजाचे फ्लॅग आणि आपली मांडणी जुळवून पाहतो. या पर्यायात मात्र, कंपाइल करायचे नाही म्हणजे जे आहे ते चालवून घ्यायचे असे गृहीत धरले जाते. परिणामी आपण ‘उणे सर्व्हर’ लिहून ठेवलेल्या संगणकावर सर्व्हरसहित प्रत मुकाट्याने येऊन बसू शकते. तेव्हा जुळणी करण्याचा पर्याय त्याच आज्ञेत वेगळा मागून घ्यावा.

आता एवढे सांगितल्यावर आपली तक्रार सर्वस्वी चुकीची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. २९ डिसेंबर २०२३ रोजी जेंटूने स्वतःच तयार पॅकेजांचे भांडार मोठ्या प्रमाणावर खुले केले. त्या दिवसापासून जेंटूही काही अंशी गुऱ्हाळवाला झाला. ही पॅकेजे सर्वसाधारण फ्लॅगांनी बांधलेली असतात, म्हणजे मारियाडीबी सर्व्हरसहित; ज्याने सर्व्हर नको म्हटले त्याच्याशी ती जुळत नाहीत आणि त्याला पुन्हा चरकाकडे जावे लागते. म्हणजे कमी मागणाऱ्याला जास्त कष्ट. एकदा गाळून दोन डबे भरावेत हा डेबियनचा युक्तिवाद या भांडाराला लागू पडतो, आणि ई-बिल्ड एकच ठेवून त्यातून दोन तयार पॅकेजे काढण्याची सोय पोर्टेजला असती तर मला ती आवडली असती. परंतु जोवर तोच कागद घेऊन कोणी घरी चूल पेटवणार आहे, तोवर कागदच दोन करावेत हे मला पटत नाही.

प्रश्न (निपाणी) : मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे काम पाहतो. विद्यार्थ्यांची हजेरी घेणारा एक प्रोग्राम आम्ही स्वतः लिहिला आहे. त्याचा एक भाग प्रयोगशाळेच्या मुख्य संगणकावर चालतो आणि दुसरा प्रत्येक टेबलावर. त्यासाठी ई-बिल्ड लिहायचे आहे. एकच लिहावे की दोन? शिवाय आमचा डेटा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे. टेबलावरच्या संगणकावरून बॅकअप घेता येईल काय?

उत्तर : प्रोग्राम आपलाच आहे, हे आपले भाग्य, पॅकेज करणाऱ्याला जे मूळ लेखकाकडे मागावे लागते ते आपण स्वतःच ठरवू शकता. दोन्ही भाग एकाच फोल्डरात एकाच वेळी कंपाइल होत असतील, एकाच दिवशी नवी आवृत्ती निघत असेल आणि निरोपांची मांडणी ठरवणारा कोड दोघांत सामायिक असेल, तर ई-बिल्ड एकच ठेवावे. ‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’ असे दोन फ्लॅग द्यावेत, दोन्ही मूळ स्थितीत चालू ठेवावेत, आणि निदान एक तरी चालू असलाच पाहिजे अशी अट घालावी. ती लिहिण्याची सोय ई-बिल्डच्या चौथ्या नियमावलीपासून आहे. ही अट गाळली तर एखादा विद्यार्थी दोन्ही बंद करील, पॅकेज यशस्वीपणे बसेल आणि त्यात काहीच नसेल.

सर्व्हरसाठी लागणारा वेगळा वापरकर्ता, त्याची सुरू करण्याची स्क्रिप्ट आणि त्याच्या मांडणीची फाइल या तिन्ही गोष्टी ‘सर्व्हर’ फ्लॅगच्या आतच ठेवाव्यात. २०१९ पासून जेंटूत असे वापरकर्ते व गट स्वतःच लहान लहान पॅकेजे म्हणून लिहिले जातात, त्यामुळे ते अवलंबित्वाच्या यादीत अट घालून मागता येतात. टेबलावरच्या चाळीस संगणकांवर हजेरीच्या सर्व्हरचा रिकामा वापरकर्ता पडून राहिला तर काही बिघडत नाही, पण दोन वर्षांनी तेथे येणारा माणूस तो कशासाठी आहे हे शोधण्यात एक दुपार घालवतो.

दोन भाग मूळ लेखकाकडेच विलग होतात तेव्हा मात्र दोन ई-बिल्ड लिहावेत. याचे चांगले उदाहरण संगणकांना जाळ्यावरचा पत्ता वाटून देणाऱ्या डीएचसीपीचे आहे. आयएससी या संस्थेचे जुने डीएचसीपी सॉफ्टवेअर एकाच कोडमधून क्लायंट, सर्व्हर आणि मधला निरोप्या असे तिन्ही देत असे आणि जेंटूत त्याला ‘क्लायंट’ व ‘सर्व्हर’ असे फ्लॅग होते. २०२२ मध्ये त्या संस्थेने त्याची देखभाल थांबवली. तिचे नवे सॉफ्टवेअर ‘केआ’ हे फक्त सर्व्हर आहे, त्यात क्लायंट नाहीच. तेथे पॅकेज करणाऱ्याला डोके खाजवावे लागत नाही.

बॅकअपविषयी : पोस्टग्रेएसक्यूएल ‘सर्व्हर’ फ्लॅग बंद करून बसवले तरी पीजी-डंप हा प्रोग्राम क्लायंटच्या बाजूचा असल्याने येतो, त्यामुळे टेबलावरून बॅकअप घेता येईल. मात्र पीजी-डंप आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप घेण्यास साफ नकार देतो. जुन्या सर्व्हरशी त्याचे जमते. म्हणून अद्ययावत करताना आधी टेबलावरचे क्लायंट आणि मग मुख्य संगणकावरचा सर्व्हर असा क्रम ठेवावा. उलट केलेत तर त्या रात्रीचा बॅकअप होणार नाही, आणि तो झाला नाही हे सहसा त्या रात्री कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न (खानापूर) : ओपनएसएसएच या दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुलै २०२४ मध्ये मोठा दोष सापडला असे वाचले. माझ्या दुकानातल्या जेंटू संगणकावर मी फक्त बाहेर जोडणी करण्यासाठी ते वापरतो. तरीही सुरक्षेची तपासणी माझे पॅकेज दोषी दाखवत होती. क्लायंट वेगळा असता तर ही भीती टळली नसती काय?

उत्तर : भीती टळली असती, धोका होता की नाही हा वेगळा प्रश्न आहे. १ जुलै २०२४ रोजी जाहीर झालेला तो दोष एसएसएचडी या सर्व्हरमध्ये होता; ठरलेल्या वेळात लॉगिन न केल्यास जोडणी तोडणाऱ्या भागात तो होता, आणि २००६ मध्ये एकदा बुजवलेला दोष पुन्हा उघडा पडल्याने झालेला होता. जो संगणक फक्त बाहेर जोडणी करतो त्याच्यावर एसएसएचडी चालूच नसतो. जेंटूत सर्व्हर बसला म्हणजे तो सुरू झाला असे होत नाही. सेवा सुरू-बंद करणाऱ्या ओपनआरसी या व्यवस्थेला आपण सांगेपर्यंत तो डिस्कवर पडून राहतो. डेबियनमध्ये सर्व्हरचे पॅकेज बसताच ती सेवा साधारणपणे सुरूही होते, म्हणून तेथे विभागणीला सुरक्षेचे महत्त्व अधिक आहे. जेंटूची सुरक्षा सूचना मात्र पॅकेजाचे नाव आणि आवृत्ती एवढेच पाहते, सेवा चालू आहे का ते पाहत नाही. एकाच पॅकेजाच्या पद्धतीचा हा खरा तोटा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

तरीही येथे फ्लॅग असावा असे मला वाटत नाही. दोन्ही भागांचा बराचसा कोड एकच आहे, कंपाइलला फार वेळ लागत नाही, आणि ओळख पटवणाऱ्या किल्ल्या तयार करणारा एसएसएच-कीजेन तर दोघांनाही लागतो : आपण स्वतःची किल्ली त्याच्याकडून करून घेतो, आणि सर्व्हरही पहिल्यांदा सुरू होताना आपल्या किल्ल्या त्याच्याकडूनच करून घेतो. डेबियनमध्येसुद्धा ओपनएसएसएच सर्व्हरचे पॅकेज क्लायंटच्या पॅकेजावर अवलंबून ठेवलेले आहे ते उगाच नाही.

आपण दोन गोष्टी तपासाव्यात. ओपनआरसीच्या यादीत एसएसएचडीचे नाव आहे का, आणि २२ क्रमांकाच्या पोर्टवर काही ऐकत बसले आहे का. दुकानातला संगणक दुरुस्त करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी घरून जोडणी करता यावी म्हणून एसएसएचडी चालू करून ठेवला आणि मालकाला सांगायचे राहून गेले, असे मी या भागात एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे. तसे आढळल्यास सेवा बंद करून ती यादीतून काढावी. पॅकेज ९.८ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर मात्र दोन्ही परिस्थितींत न्यावे.